ओळंब्यात आणलेलं घर

वाकडं दिसलं की माझे हात शिवशिवतात. दुसऱ्याच्या घरी भिंतीवरची तसबीर कललेली असेल तर यजमानांशी गप्पा मारता मारता मी ती सरळ करते, तेव्हा कुठे माझं चहाकडे लक्ष लागतं. नवरा म्हणतो, "तू देवघरातले देवसुद्धा पाणसळ लावून बसवशील." त्याला काय सांगू, बसवलेत. पण या खोडीवरच दोह्यात माझं पोट चालतं. तेल आणि गॅसच्या प्लांटमध्ये लेझरचं यंत्र फिरवून आणतात. ते यंत्र समोर दिसेल त्या प्रत्येक वस्तूचे कोट्यवधी ठिपके टिपून घेतं. त्या ठिपक्यांच्या धुरळ्यातून खांब, पाइप, जिने शोधून काढायचे आणि कॉम्प्युटरवर त्यांचं स्वच्छ मॉडेल करायचं, हे माझं काम. या कामातला पहिला धडा असा, की खांब कललेला दिसला तर खांब कललेला नसतो, स्कॅन चुकलेला असतो. पोलादी खांब उगाच कशाला कलेल? तो ओळंब्यात, म्हणजे बरोबर उभ्या रेषेत, आणायचा आणि पुढे जायचं. वर्षानुवर्षं मी हेच करत आले, आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नाही.

दोह्याच्या अबू हमूर भागातल्या आमच्या कंपाउंडमध्ये समोरच्या व्हिलात एक इंग्रज गृहस्थ राहतात, नवरा-बायको दोघंच. गेल्या वर्षी उन्हाळा ओसरल्यावर ते आपल्या आईला इंग्लंडहून घेऊन आले. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई खेड्यातल्या जुन्या घरात एकटी राहायची आणि अलीकडे गॅस चालू ठेवून फिरायला निघून जायला लागली होती. डॉक्टरांनी विस्मरणाच्या आजाराची सुरुवात असल्याचं सांगितलं, तसं त्यांनी घर विकायला काढलं आणि आईला इकडे आणलं. आम्ही आमच्या आयांना आणत नाही. रोज व्हिडिओ कॉल करतो आणि जेवलीस का विचारतो. त्यामुळे मला त्या माणसाचं कौतुक वाटलं आणि स्वतःची थोडी लाजही वाटली.

पहिल्या भेटीत सवयीनं माझ्या तोंडून 'आंटी' निघून गेलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मला भाची नाही," त्या म्हणाल्या, "पण हरकत नाही. तू चालशील."

तेव्हापासून मी त्यांची भाची झाले. थंडी सुरू झाली, बाहेर बसता येईल अशी हवा झाली, की मी ऑफिसातून आल्यावर त्या हळूहळू रस्ता ओलांडून आमच्या पोर्चमध्ये यायच्या. मी आलं घालून चहा करायची. त्यांना तो तिखट लागायचा, तरी त्या प्यायच्या. मुलाच्या व्हिलात त्या अजून चुकायच्या. सगळी दारं सारखी, सगळ्या भिंती पांढऱ्या, त्यामुळे बाथरूम समजून धुणं वाळत घालायच्या खोलीत शिरायच्या आणि मग तिथेच काहीतरी आवरत असल्यासारखं करायच्या. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवायचं नाही. पण इंग्लंडमधलं ते घर त्यांच्या डोक्यात आढ्यापासून उंबऱ्यापर्यंत शाबूत होतं. झोप आली नाही की त्या मनातल्या मनात त्या घरातून चालत जायच्या, हे त्यांनीच मला सांगितलं. पुढच्या दारातून आत, डावीकडे वळून, डोकं वाकवून, जिना.

घर कितीतरी शतकांपूर्वीचं. राजेरजवाड्यांचं नव्हे, बऱ्यापैकी जमीन असलेल्या एका शेतकऱ्यानं बांधलेलं. सगळा सांगाडा ओकच्या लाकडाचा. खांब, तुळया, वासे, आणि सगळं एकमेकांत अडकवलेलं. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत आणि दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी. सांगाड्यात एकही खिळा नाही. सुतार आधी अख्खा सांगाडा अंगणात आडवा जुळवायचे, प्रत्येक सांध्यावर पटाशीनं खुणा कोरायचे, मग सगळं सुटं करून त्या खुणांबरहुकूम उभं करायचे. मधल्या जागेत काटक्यांची जाळी विणून त्यावर माती, गवत आणि शेण लिंपलेलं. मी म्हटलं, "अहो आंटी, हा तर आमच्या कोकणातला कूड!" त्यांनी तो शब्द दोन-तीनदा घोळवला. त्यांच्या तोंडी तो 'कूल' व्हायचा. शेण वापरायचे हे ऐकून मी नाक मुरडेन असं त्यांना वाटलं होतं. मी उलट खुशीत आले, तेव्हा त्यांनी आणखी एक बिस्किट घेतलं.

त्या काळी घराला धुराडं नव्हतं. मधला दिवाणखाना थेट आढ्यापर्यंत मोकळा, जमिनीच्या मधोमध चूल, आणि धूर आपला आपण वाट काढून छपरातून बाहेर जायचा. माळ्यावरचे वासे अजून त्या काजळीनं काळे आहेत, बोट फिरवलं तर बोट काळं होतं. पुढे कुणीतरी विटांचं धुराडं बांधलं, त्यामुळे वरची जागा मोकळी झाली आणि तिथे मजला टाकला. रस्त्याकडची वरची खोली मात्र पहिल्यापासूनची. ती खालच्या भिंतीच्या पुढे हातभर झुकून बाहेर आलेली. ती खोली आंटींची. अशा घरांचं लाकूड काळंकुळकुळीत आणि भिंती पांढऱ्याशुभ्र, असं चित्र माझ्या डोक्यात होतं. ते काढून टाक म्हणाल्या, तो रंग पुष्कळ नंतरच्या लोकांची हौस. त्यांच्या घराचा ओक कधी रंगवलाच नाही, तो उन्हापावसानं राखाडी झाला.

"आणि एकही रेघ सरळ नाही," त्या अभिमानानं म्हणायच्या. ओक वाळला की दगडासारखा होतो, त्याला करवत लागत नाही. म्हणून तो ओलाच कापायचे आणि ओलाच उभा करायचे. मग तो घरात उभा राहून वर्षानुवर्षं वाळायचा आणि वाळता वाळता पिळवटायचा. पुढे मधल्या एका शतकात घराच्या तीन खोपट्या करून मजुरांना भाड्यानं दिल्या, तेव्हा कुणीतरी जादा दार काढायला एक तिरका टेकू कापून टाकला. तेव्हापासून घर रस्त्याकडे कललं आणि तिथेच थांबलं. आंटींच्या खोलीतल्या पलंगाच्या दोन पायांखाली विटा असायच्या. त्यांचा धाकटा भाऊ दाराशी बसून गोटी सोडायचा, ती घरंगळत जाऊन रस्त्याकडच्या भिंतीवर टक्कन आपटायची. पाहुणा कुणीही आला तरी त्याला आधी गोटी दाखवायची, मग चहा विचारायचा.

हे मी हसत हसत ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं, म्हणून तर आता जास्त लागतं.

डिसेंबरात मुलानं मला थांबवलं. घराला गिऱ्हाईक मिळालं होतं. विकण्याआधी त्यांनी आतून-बाहेरून लेझर स्कॅन करून घेतला होता, म्हणजे निदान तेवढं तरी आपल्याकडे राहील. "तुम्ही हेच काम करता ना?" त्यांनी विचारलं. "आईला हातात धरता येईल असं काही करता येईल का? तिच्या ओळखीच्या वस्तू जवळ ठेवा म्हणून डॉक्टर सांगतात. आम्ही एक खुर्ची आणि दोन चित्रं आणली. घर कसं आणणार?"

मी एका पायावर तयार झाले. ऑफिसात क्लायंटला दाखवायच्या मॉडेलसाठी थ्रीडी प्रिंटर आहे. साहेबांना विचारलं, ते म्हणाले, यल्ला, चल, प्रिंटर मोकळा असेल तेव्हा कर. सुट्टीच्या दिवशी मी ती फाइल उघडली आणि कपाळाला हात लावला. एक खांब म्हणून सरळ नाही. जमीन लाटेसारखी, दारांच्या चौकटी पतंगाच्या आकाराच्या, वरची तुळई मध्येच पोट काढून बसलेली. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी लगेच दोष दिला तो इंग्लंडमधल्या स्कॅनवाल्याला. धड यंत्र फिरवता येत नाही मेल्याला, म्हटलं. आणि बसले सरळ करत. खांब ओळंब्यात आणले. जमिनी पाणसळीत घेतल्या. चौकटी काटकोनात बसवल्या. वरची खोली रस्त्याकडे घसरत होती, तिला उचलून तुळईच्या पातळीत आणलं. पोट काढलेली तुळई ताठ केली. हे करताना मला फार आनंद होत होता, हेही सांगायला हवं. एका म्हातारीचं मोडकळीला आलेलं घर मी इथे बसून दुरुस्त करतेय, अशी माझी भावना होती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि उंटांच्या देशात बसून ते करताना मला त्याचा पत्ता नव्हता.

गोटीची गोष्ट मला त्या वेळी आठवली का? आठवली. मी म्हटलं, लहानपणीच्या गोष्टी सगळ्यांच्याच फुगलेल्या असतात.

मॉडेल सुरेख झालं. दोन हातांत मावेल एवढं, साधं पांढरं. छप्पर उचललं की आतल्या खोल्या दिसायच्या. जिनासुद्धा पायरी न् पायरी मोजून घ्यावी असा. एका शुक्रवारी आंटी चर्चहून आल्यावर त्यांच्याकडे चहा ठरला. इथली चर्चेस आमच्या घरापासून जवळच आहेत, तरी शुक्रवारच्या गर्दीत गाडी काढायला वेळ लागतो, त्यामुळे त्या दमून आल्या होत्या. सुनेनं टेबलावर केक आणि खाऱ्या वाटाण्यांची वाटी ठेवली होती. मुलानं मॉडेल आणून मध्ये ठेवलं आणि वरचा रुमाल काढला.

आंटींनी ते चहूबाजूंनी पाहिलं. "काय सुंदर काम आहे," त्या म्हणाल्या. मी छप्पर कसं निघतं ते दाखवलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं, मग वाटीतला एक वाटाणा उचलला आणि रस्त्याकडच्या वरच्या खोलीत दाराशी ठेवला. ठेवून वाट पाहत बसल्या. वाटाणा होता तिथेच राहिला. सून माझ्याकडे पाहून कसनुसं हसली. मीही तसंच हसले, म्हातारं माणूस पोरकटपणा करतं तेव्हा आपण हसतो तसं. आंटींनी वाटाणा बोटानं किंचित ढकलला. तो जरा पुढे गेला आणि थांबला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "कुणाचं घर आहे हे?"

मुलाचा चेहरा पडला. "मम, आपलं आहे. आपलं घर."

त्यांनी पुन्हा पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग त्यांचे कान लाल झाले, आणि त्या घाईघाईनं म्हणाल्या, "हो, हो. अर्थात. सॉरी. काय मूर्ख मी. अर्थात आपलंच." त्यांनी वाटाणा उचलून बशीच्या कडेला ठेवला, आणि माझे इतक्या वेळा आभार मानले की मला अवघडल्यासारखं झालं. निघताना मुलगा दारापर्यंत आला. "डॉक्टर म्हणाले होते हा दिवस येईल," तो म्हणाला. "इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं." मी त्याचं सांत्वन केलं. मी!

त्यानंतर आंटी पोर्चमध्ये यायच्या, पण घराचा विषय काढायच्या नाहीत. एकदा मीच विचारलं, ते धुराडं कुठल्या भिंतीला होतं हो? त्या कपातल्या चहाकडे बघत म्हणाल्या, "माझ्या मुलाला विचार. माझ्याकडून हल्ली गोंधळ होतो." झोप लागते का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या की आता त्या फिरायला जात नाहीत. फिरायला म्हणजे त्या घरातून. मला वाटलं, आजार वाढला. नवऱ्याला तसं सांगितलंही, आणि त्या रात्री आईला नेहमीपेक्षा जास्त वेळ फोन केला.

खरं काय ते मला माझ्याच कामानं दाखवलं. ऑफिसात कुठलंही मॉडेल क्लायंटला पाठवण्याआधी ते मूळ स्कॅनवर ठेवून तपासायचं असतं. जिथे फरक असेल तिथे कॉम्प्युटर लाल रंग दाखवतो. आंटींच्या घराची मी ती तपासणी केली नव्हती. घरच्या कामाला कसली तपासणी! महिन्याभरानं जुन्या फाइली आवरताना ती समोर आली आणि मी सहज बटण दाबलं. सगळं घर लाल झालं. पायापासून आढ्यापर्यंत लाल. मग मी मुलानं पाठवलेले फोटो उघडले. ते आधीही पाहिले होते, आणि कॅमेरा वाकडा धरलाय म्हणून सोडून दिले होते. फोटोंतही वरची खोली रस्त्याकडे कललेली, खिडकीची चौकट तशीच पतंगासारखी. स्कॅनवाल्यानं सगळं बरोबर टिपलं होतं. त्या घरात जे जे आंटींचं होतं, नेमकं तेच मी शोधून शोधून काढून टाकलं होतं.

म्हणजे त्या बाईला सगळं आठवत होतं. टेबलाशी बसलेल्या आम्हा सगळ्यांत त्या घराबद्दल बरोबर असलेलं एकच माणूस होतं, आणि आम्ही तिला सांगितलं की तू चुकतेस. तिनं तर तपासूनही पाहिलं. तिनं आमच्यावर विश्वास ठेवला, कारण आम्ही धडधाकट होतो.

त्याच संध्याकाळी समोर जाऊन सांगायला हवं होतं. आणि मी गेले नाही. माफी मागायला रिकाम्या हातानं कसं जायचं, हे आमच्या रक्तात भिनलेलं. कुणाकडे साधं बसायला जातानासुद्धा आम्ही निदान चिवड्याची पिशवी तरी नेतो. मी ठरवलं, घर जसंच्या तसं पुन्हा करायचं, ते हातात घेऊन जायचं आणि मग सांगायचं. मॉडेल लगेच झालं. या खेपेला काही सुधारायचं नव्हतं, ठिपके सांगतील तसं वाकायचं होतं. पण प्रिंटरवर कुठल्याशा टाक्यांच्या मॉडेलचं काम चढलं होतं, ते संपता संपेना. मी रोज विचारायची, आणि प्रिंटरवाला रोज म्हणायचा, उद्या, इन्शाल्ला. इकडे आंटी पोर्चमध्ये येईनाशा झाल्या. सून म्हणाली, त्या आता बहुतेक वेळ खोलीतच असतात, विचारल्याशिवाय बोलत नाहीत, आणि बोलायच्या आधी थांबतात. हे ऐकूनही मी प्रिंटरची वाट पाहत राहिले. खरं सांगायचं तर प्रिंटर हे निमित्त होतं. त्या मुलाच्या डोळ्यांत बघून बोलायला मी घाबरत होते. एक वाक्य होतं, तेही मला आठवडेच्या आठवडे जड गेलं.

अखेर मॉडेल हातात आलं. आधी मुलाला बाहेर बोलावून सगळं सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं दार उघडून मला आत घेतलं.

आंटी खिडकीपाशी, इंग्लंडहून आणलेल्या त्यांच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी मॉडेल त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांचा हात आपोआप पुढच्या दाराकडे गेला, डावीकडे वळला, जिन्यापाशी आला. तिथला खांब खाली बारीक आणि वर रुंद आहे, झाड उलटं करून रोवलेलं. बोट त्यावरून वर गेलं आणि त्यांचा चेहरा इतका उजळला की माझ्या मनात आलं, सुटले. त्यांनी तोंड उघडलं. मग मिटलं. हात मॉडेलवरून काढून घेतला आणि मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"हे आपलं आहे का?" त्यांनी त्याला विचारलं. परक्या घरी लाडू घेऊ का म्हणून लहान मूल आईकडे बघतं, तशा बघत होत्या.

"हो, मम."

"मग असेल," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले. त्यांना समजेल अशा सावकाश इंग्रजीत एकेक वाक्य सांगितलं. पहिलं घर चुकलेलं होतं. ते मी चुकवलं होतं. तुमचं घर वाकडं होतं आणि मी ते सरळ केलं. ते तुमचं नाही हे तुम्ही बरोबर ओळखलंत. तुम्ही काहीच विसरला नव्हता, चूक फक्त माझी होती. मुलगाही म्हणाला, "खरं आहे, मम. ती खरं सांगतेय." आंटींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये एकदा मानही हलवली. माझं बोलून झाल्यावर त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि थोपटत राहिल्या.

"किती चांगली आहेस गं," त्या म्हणाल्या. "माझी चूक स्वतःवर घेतेस."